वाट सोडल्याचा दोष

पांडू नाखव्याचा निरोप शुक्रवारी दुपारी आला. सेबेस्टियनची जबानी झाली, चारही खलाशांची झाली. आता त्याच्या बायकोला विचारायचं राहिलंय. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की तिला शिडांच्या खोपीत घेऊन या.

मी अंगणात तांदूळ पाखडत होते. निरोप सांगणारा निघून गेला, तरी सूप माझ्या हातात तसंच अधांतरी राहिलं.

सेबेस्टियन म्हणजे माझा नवरा. पाचूबंदरात आमचा स्वतःचा मचवा होता आणि सासऱ्यांच्या मागे सेबेस्टियनच त्याचा मालक म्हणजे नाखवा आणि तोच सुकाण धरणारा तांडेल. एक्कावन्न साली दिवाळीनंतर हरगोविंद शेठनं तो एका खेपेसाठी भाड्यानं घेतला. नायगावच्या आगरातलं मीठ भरायचं आणि हर्णैला पोचवायचं, एवढंच काम. हर्णैला मासळी किनाऱ्यावर पडून होती, खारवायला मिठाची वाट बघत होती. मचवा उत्तनच्या पुढे गेला आणि खलाशांना पाण्यावर एक माणूस तरंगताना दिसला. सेबेस्टियननं मचवा वळवला, माणसाला वर घेतलं आणि भरतीबरोबर पाचूबंदरला परत आणलं. हवालदार आला, पंचनामा झाला, माती झाली. त्यात दोन दिवस गेले. मग वारा पडला, त्यात आणखी दोन. तोवर हर्णैची मासळी कुजली आणि तिथल्या व्यापाऱ्यानं शेठचं मीठ परत पाठवलं. शेठचं त्याच्याकडे वीस वर्षांचं येणंजाणं होतं, तेही तुटलं.

करारनाम्यात याचं कलम होतं. वाटेत कुणाचा जीव वाचवण्यासाठी मचवा वळवला तर नाखव्यावर दोष नाही. दुसऱ्या कशासाठीही वळवला तर होईल ती नुकसानी नाखव्याची. त्याच्याखाली आणखी एक कलम: तंटा झाला तर कोर्टात जायचं नाही, दोघांनी मिळून लवाद नेमायचा आणि त्याचा शब्द अखेरचा. अर्नाळ्याचा पांडू नाखवा दोघांनाही चालला. तो पन्नास वर्षं दर्यावर होता, आणि दोघांपैकी कुणाचा पाहुणाही लागत नव्हता.

सगळं मग एकाच प्रश्नावर येऊन थांबलं. वर घेतला तेव्हा तो माणूस जिवंत होता की नव्हता?

होता, असं सेबेस्टियन म्हणाला. श्वास चालू होता, बंदराच्या तोंडाशी आल्यावर गेला. चारही खलाशी तेच म्हणाले. पाचही जणांनी बंदरावरच्या क्रुसावर हात ठेवून हे सांगितलं. हवालदाराच्या कागदात फक्त 'बुडून मृत्यू' एवढंच होतं, किती दिवसांचा ते नव्हतं. नुकसानी भरून द्यायची तर आमच्याकडे मचव्याशिवाय काही नव्हतं.

आणि मचवा किनाऱ्याला लागला त्याच दिवशी त्या माणसाला मी धुतलं होतं.

बेवारस आलेल्या प्रेताला आंघोळ घालायची, हा माझा नेम. मी नऊ वर्षांची असताना माझे वडील दर्यात गेले, ते सापडले नाहीत. कुठल्या तरी किनाऱ्यावर कुणी तरी त्यांना गोड पाण्यानं धुतलं असेल, एवढी आशा मी धरून आहे, आणि म्हणून आमच्या किनाऱ्याला जो येईल त्याला मी धुते. पुरुषाला बाईनं धुवायचं नसतं, अशी आधी कुरकुर झाली होती. पण तसं प्रेत बघितलं की पुरुष मागे सरतात. मग कुरकुरही थांबली.

शनिवारी विहिरीवर क्लारा भेटली. तिचा नवरा आमच्या मचव्यावर खलाशी. तिनं माझी घागर भरू दिली आणि मग वाट अडवली.

"काय गं सांतीन, उद्या काय बोलणार?"

सांतीन म्हणजे संतीण; हा तिचा नेहमीचा टोमणा. मी घागर कमरेवर घेतली.

"रोज मिस्सा, रोज जपमाळ. तुला खोटं बोलता यायचं नाय, आमाला ठाव हाय. पन माज्या नवऱ्यानं बी त्या क्रुसावर हात ठेवलाय. तू तोंड उघडलंस तर पाच घरं खोटी पडतील. तेवढं ध्यानात ठेव नि मंग देवाचं नाव घे."

घरी येईपर्यंत घागरीतलं निम्मं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं होतं.

सेबेस्टियन पडवीत जाळं विणत बसला होता. वर न बघताच त्यानं विचारलं, "काय सांगशील?"

"विचारतील ते."

"लुईझा, मी कोनासाठी वळलो? लांबून सदरा फुगलेला दिसला तवाच मला कळलं, मेलेला हाय. खलाशी बोल्ले, तांडेल, वारा चांगला हाय, चल पुढं. मी बोल्लो, नाय. घरात ती बसलीय, अजून बापाची वाट बघते." त्यानं दोरा दातानं तोडला. "तुझ्यासाठी वळलो. आता तूच मचवा घालव."

मला मचवा जायची भीती होती, पण त्याहून दुसरी भीती मोठी होती. क्रुसावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस पुन्हा दर्यावर जाणार होता. दर्या विसरत नाही असं आमच्यात म्हणतात. मी खरं बोलले तर त्याचं खोटं उघडं पडेल, पण निदान ते संपेल. मी खोटं बोलले तर ते दोघांचं होईल आणि मग त्याच्यासाठी प्रार्थना तरी कुठल्या तोंडानं करू?

रविवारी मिस्सेत, जिभेवर ख्रिस्तशरीराचा प्रसाद असताना, मला एक पळवाट दिसली. त्या माणसाचे हात मी त्याच्या छातीवर जोडले होते आणि त्यात जपमाळ दिली होती, तेव्हा त्याची बोटं सैल होती. ताठलेली नव्हती. हे खरंच होतं. एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. अशा वेळी असा विचार मनात आला, याचीच मला धडकी भरली. पण मी तो टाकलाही नाही.

शिडांच्या खोपीत सगळे जमले होते. पांडू नाखवा दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा लावून करारनामा गुडघ्यावर घेऊन बसला होता. एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला सेबेस्टियन आणि खलाशी. दारात क्लारा उभी.

"बाय, बस. पानी पी," पांडू नाखवा म्हणाला. "घाबरू नको. त्याला तूच धुतलंस ना?"

"हो."

"हात कसे होते त्याचे?"

जिवंत की मेलेला, असं तो विचारेल या तयारीनं मी आले होते. त्यानं आपणहून माझी पळवाटच माझ्यासमोर उघडून दिली.

"सैल होते," मी म्हणाले. "जपमाळ गुंडाळताना बोटं सहज वळली."

सेबेस्टियननं श्वास सोडला, तो मला ऐकू आला. खलाशांतला एक म्हणाला, "बघा! ताजाच होता. आमी काय वेगळं बोललेलो?" शेठनं मान खाली घातली.

पांडू नाखव्यानं चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा चढवला.

"ताज्याचे हात सैल असतात," तो हळू म्हणाला. "मंग त्यांचं लाकूड होतं. आनि दोन-तीन दिस गेले की परत सैल पडतात. मी बी चार-पाच जन वर घेतलेत, बाय." तो थोडा पुढे झुकला. "हातांची कातडी कशी होती?"

सेबेस्टियन माझ्याकडे बघतोय हे मला न बघता कळत होतं.

"उकडलेल्या रताळ्याच्या सालीसारखी," मी म्हणाले. "माझ्या हातात आली."

दारातली क्लारा थुंकली आणि निघून गेली.

पांडू नाखव्यानं कागदावरच्या कलमावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "वर घेतला तवा तो मेलेला होता. कलमात मेलेला बसत नाय. दोष नाखव्याचा."

"नाखवा," सेबेस्टियन उठला, "मेलेला दर्यात सोडायचा नाय, हे तुमच्यात बी हाय."

"हाय. माझ्या बापानं मला तेच शिकवलं, तुझ्या बापानं तुला. पन हा कागद तुझ्या बापानं केला नाय, सेबेस्टियन. अंगठा तू दिलास."

शेठला मचवा हवा होता. पांडू नाखव्यानं तो दिला नाही. तीन खेपा भाड्याशिवाय, असा निवाडा केला. शेठनं मान्य केलं, पण एक अट घातली.

"भाई, मी पण माणूसच छुं," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर कापत होता. "पण हर्णैला मी पुन्हा तोंड दाखवायचं कसं? या तीन खेपांत मेलेल्यासाठी थांबायचं नाही, असं लिहा. थांबला तर मचवा माझा."

पांडू नाखव्यानं ते लिहून वाचून दाखवलं. अंगठा देण्याआधी सेबेस्टियननं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच माझं मत त्याला हवं होतं. नको, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण मचवा नुकताच वाचला होता. मी पदर सारखा केला आणि खाली बघितलं. त्यानं अंगठा दिला.

घरी तो ओरडला नाही. मी त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते. क्लाराच्या घरानं आमच्याशी बोलणं सोडलं. पहिली खेप वेळेवर झाली, मीठ पोचलं, हर्णैच्या व्यापाऱ्यानं शेठला पुन्हा व्यवहार सुरू करायचा निरोप पाठवला. मी रोज जपमाळ म्हणत होते, पण काय मागायचं ते मला ठरवता येत नव्हतं. तो सुखरूप यावा, एवढं मागितलं की मी तिथेच थांबायचे. वाटेत त्याला कुणी दिसू नये, असं कसं मागू? बुडालेल्यांनी मग जायचं कुठे?

दुसऱ्या खेपेहून मचवा ठरल्या दिवशीच आला. खलाशी किनाऱ्यावर उतरले आणि एकमेकांशी न बोलता आपापल्या वाटेनं गेले. क्लाराचा नवरा माझ्या अगदी जवळून गेला, पण त्यानं मान वळवली.

सेबेस्टियन घरी येऊन पाटावर बसला. मी भात वाढला, कालवण वाढलं. त्यानं हात लावला नाही.

"अलिबागच्या पुढं," तो म्हणाला. "सकाळची येळ. पानी अगदी शांत."

मी भांडं खाली ठेवलं.

"बाई होती. केस सुटलेले. तुझ्याच वयाची असंल." तो ताटाकडे बघत होता. "कोनी काय बोललं नाय. मी बी नाय बोललो. सुकाण धरून बसलो."

विचारू नये, असं मनानं शंभर वेळा सांगितलं.

"मेलेलीच होती ना?"

"ते बघायला जवळ जावं लागतं," सेबेस्टियन म्हणाला.

मग त्यानं ताट पुढे ओढलं, भात कालवला आणि घास हातातच धरून बसून राहिला. तिसऱ्या खेपेचं मीठ सोमवारी भरायचं होतं.