कायदा यायच्या आत

मी अहमदपूर तालुक्यातल्या एका गावाचा जुना हापसा आहे. माझा आवाज किरकिरा. माझी गोष्ट कुणी ऐकेल की नाही, याची मला शंकाच वाटते. तरी सांगतो, मित्रांनो. वेळ थोडा उरला आहे.

मला बसवलं तेव्हा नारळ फोडला होता. बायका म्हणायच्या, "लई गोड पाणी हाय, डाळ चटकन शिजती." पुढे सभोवतालच्या शेतांत खोल बोअर पडू लागले आणि माझं पाणी खाली खाली गेलं. घरोघरचे नळही कोरडे पडले.

मग बातमी आली, नव्या खोल बोअरना बंदी करणारा कायदा येणार. सगळ्यांत जास्त आशा धरली कोंडाबाईनं. तिला ना शेत, ना बोअर. तिचं घर माझ्यावरच चालतं.

श्रीमंत आणि शिवशंकर हे दोन शेतकरी, दोन पक्षांचे. माझ्या ओट्यावर बसून ते मोबाईलवर विधानसभा बघत.

"काय झालं वो कायद्याचं?" कोंडाबाई विचारी.

"ह्याच्या लोकांनी कामकाज बंद पाडलं," श्रीमंत म्हणे.

"आन् तुझे साहेब उठून गेले ते? च्या प्यायला गेल्ते का?"

"भांडा बापांनो. माझी घागर अर्धीच हाय."

अधिवेशनामागून अधिवेशनं गेली. लोक वैतागले, मोबाईलकडे बघेनासे झाले. यंदा मात्र कायदा नक्की होणार, अशी आवई उठली. त्या दिवशी ते दोघं पहिल्यांदाच एका सुरात बोलले.

"शिवशंकर, कायदा यायच्या आत बोअर पाडून घ्यावं."

"हाव. म्या बी गाडी सांगितली."

कोंडाबाईचा हात माझ्या दांड्यावर थबकला. "आरं, पाणी राहावं म्हणून कायदा मागत होतो न्हवं आपण?"

दोघं धोतर झटकत ओट्यावरून उठून गेले.

कायदा याही वेळी झाला नाही. बोअरच्या गाड्या मात्र आल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. वर माणसांना नुसती धूळ दिसते. मला खाली खडक फुटताना ऐकू येतो.

आज सकाळी कोंडाबाईनं दांडा मारला. आधी गार हवा आली, मग राखाडी गाळ. ती गेली नाही. घागर तशीच लावून उभी आहे.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. तुमच्या गावात कोण बरोबर, कोण चूक हा वाद रंगेल, तेव्हा एवढंच करा: घाई थांबवा आणि जमिनीला कान लावा. माझ्या गावात तसं कुणी केलं नाही.

वेशीवर तिसरी गाडी वळते आहे.