देवीच्या सोंगाचं गाणं

खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावर ढवळू राहायचा. बोहाड्यात, म्हणजे चैत्रातल्या सोंगांच्या उत्सवात, त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. लाकडाचे मुखवटे तोच कोरायचा, तोच रंगवायचा. संबळ वाजवायचा, गाणी म्हणायचा, आणि शेवटच्या सकाळी जगदंबेचा मुखवटा चढवून महिषासुराला मारायचाही तोच. आसपासच्या पाड्यांवरची पोरं त्याच्या अंगणात पावलं शिकून गेली. गणपती कसा डुलतो, त्राटिका कशी अंगावर येते, हे तो स्वतः नाचून दाखवायचा.

एक गाणं मात्र त्याने कुणाला दिलं नव्हतं. देवी निघण्याआधीचं आवाहन. ज्याच्या हाती मुखवटा सोपवायचा, त्यालाच ते सांगायचं, अशी रीत होती. त्याच्या बापाने त्याला तसंच सांगितलं होतं. ढवळूने भाच्याला, सोम्याला, निवडलं होतं. सोम्या ठाण्याला इमारतींच्या कामावर होता. "होळीला ये, मग बसू," असा ढवळूने निरोप धाडला.

सोम्या होळीला आला, तेव्हा मामा खाटेवर होता. आठ दिवसांपूर्वी भात कांडता कांडता कोसळला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जव्हारच्या दवाखान्यातून परत आणला, तो असाच.

"मामा, मी आलो," सोम्या म्हणाला.

"हा... हा..." एवढंच ढवळूच्या तोंडून आलं. डोळे भरले.

बोहाडा तोंडावर आला होता. सोम्या रोज खाटेपाशी बसू लागला. अंदाजाने एखादी ओळ म्हणायचा. चुकली की ढवळू डाव्या हाताने खाटेची कड बडवायचा. बरोबर काय, ते सांगता येत नव्हतं. त्याची मामी चिमी बाजूला बसून म्हणायची, "अरे, डोंगराचं नाव असंल त्यात. वाघाचं बी." आयुष्यभर तिने ते लांबून ऐकलेलं, पण संबळाच्या आवाजात शब्द कधी कळले नव्हते.

एके दिवशी सोम्याने दमून संबळ ओढला आणि नुसता ठेका धरला. ढवळूने डोळे मिटले. त्याच्या गळ्यातून चाल निघाली. पुरी, वळणावळणाची, कुठे न अडखळणारी. चिमी हातातलं सूप टाकून धावत आली.

"शब्द, मामा! शब्द सांग!"

चाल तशीच चालू राहिली. शब्द एकही आला नाही. शेवटी ढवळू लहान मुलासारखा रडला, आणि सोम्यालाही त्याला गप्प करता येईना.

गावाने ठरवलं, ढवळूलाच खाटेवर मांडवात न्यायचं. देवीला चाल तरी कळेल. शेवटच्या सकाळी चौघांनी खाट उचलून नेली. सोम्याने मुखवटा चढवला. ढवळूने सूर लावला, पण एवढ्या माणसांत तो कण्हण्यासारखा वाटला. मागे उभी असलेली, बाजारगावाहून आलेली काही माणसं हसली. गावच्या पाटलाने संबळवाल्याला हात केला, "मोठ्याने वाजव." संबळ दणाणला. ढवळूचं तोंड उघडं होतं, पण आवाज कुणापर्यंत पोचत नव्हता. सोम्या त्याच्यासमोर नाचत गेला, मुखवट्याच्या आत रडत गेला. महिषासुर पडला, लोकांनी नारळ फोडले, नि खाट घरी आली.

त्या पावसाळ्यात सोम्या ठाण्याला गेला नाही. शेतात नागली लावताना त्याच चालीवर त्याने स्वतःचे शब्द बसवले. डोंगराचे, वाघाचे, आईचे. एका दुपारी मामाच्या खाटेपाशी बसून त्याने ते सगळं म्हटलं.

"मामा, हे तुझं नाय. पण दुसरं कायच नाय माझ्याजवळ. चालंल का?"

ढवळूने नजर आढ्याकडे नेली. खरं गाणं त्याच्या आत होतं, शब्दन् शब्द. सोम्या वाट पाहत होता. चिमी दारातच थांबली होती.

ढवळूने हळूच मान हलवली. हो म्हणून.

मग तोंड भिंतीकडे वळवलं.