खडूच्या रेघेमागचा लेथ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. लोखंडाचा दांडा माझ्या जबड्यात घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा आणि तासून हवा तसा घडवायचा, हे माझं काम. पंजाबातल्या बटाल्याच्या कारखान्यात मी तयार झालो. भिलाईतल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मला आणलं, तेव्हा वाटलं, पोलादाच्या गावात चाललोय, आयुष्याचं सोनं होईल.

कसलं काय! विश्वकर्मा पूजेला मला झेंडूची माळ मिळे. उरलेलं वर्ष विभागप्रमुख पुंडलिक सर माझ्यापुढे खडूने रेघ ओढत आणि मुलांना तिच्यापलीकडे उभं करत. मुलं माझं चित्र काढत, माझे भाग पाठ करत आणि पहिल्या वर्गात पास होत. बोटाला ग्रीस न लागता इंजिनिअर! असल्या पदवीधरांची मला कीवसुद्धा येत नसे. वर सर भाषणात सांगत, "भिलाईसारखे कुशल हात देशात कुठे नाहीत!" ते हात खिशात ठेवायला त्यांनीच तर शिकवलं होतं.

एकदा वर्गातल्या गीतांजलीने ती रेघ ओलांडली. तिचे वडील दुर्गला रेल्वेत होते.

"सर, मले एकडाव चालवू द्या नं."

"कावून? तुले काय लेथवर खरादीचं दुकान टाकाचं आहे?" सर हसले. वर्गही हसला.

"इंजिनिअरिंग शिकून राहिली नं सर मी. मंग मशीनले हात कवा लावू?"

सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. ती रडत बसली नाही. भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीतल्या हेमराजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन वर्षभर दर रविवारी लेथ चालवायला शिकली.

मग जवळच्या कुम्हारीच्या एका कारखान्याचे साहेब नोकरीसाठी मुलं निवडायला आले. "यावर एक दांडा तासून दाखवा," एवढंच ते म्हणाले. वर्गात पहिला येणारा निखिल ऐटीत पुढे आला. त्याने दांडा आवळला, पण आवळायची किल्ली जबड्यातच ठेवून बटणाकडे हात नेला. मी फिरलो असतो, तर ती किल्ली गोळीसारखी सुटून त्याच्या कपाळात बसली असती.

"निखिल, रुक! चाबी!" गीतांजलीने त्याचा हात मागे खेचला. तिने किल्ली काढली आणि दांडा तासला. साहेबांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि तिलाच निवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापाशी लोखंडाचा ताजा कीस पडला होता. मला भरून आलं.

आठवड्याभरात फाटकावर तिच्या फोटोचा बॅनर लागला, 'आमच्या प्रशिक्षणाचे यश!' सरांना लाज कशी ती नव्हतीच. ती तडक त्यांच्याकडे आली.

"सर, माझा फोटो उतरवा. तुमी त मले बाहेर काढलं होतं."

"अगं बेटा, कॉलेजचं नाव होऊन राहिलं नं!"

"मंग हेमराजभाऊचं नाव लिवा त्याच्यावर."

त्यापेक्षा सरांनी बॅनर उतरवणं पसंत केलं. कापड वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते माझ्यावर पांघरलं. मित्रांनो, त्या यशाखाली मी आता गंजतो आहे. यंत्राची निगा झाकून राखता येत नाही, ते चालवावं लागतं. या, मला तेल द्या, कामाला लावा. ज्याला नखं मळायची लाज वाटते, त्याने मात्र माझ्याकडे फिरकू नये.