रोजची थोडी थोडी क्षमा

“जळेल हं, सांभाळ,” मुकादम म्हणाला. तो नुसत्या बनियनवर बाकावर बसला होता आणि त्याच्या कोटावरून आमेनबाईची इस्त्री फिरत होती.

“आजवर काही जाळलंय का मी?” ती म्हणाली.

जाळायचं मनात मात्र पुष्कळदा आलं होतं. खोटं कशाला बोला, आत्ताही आलं. कॉलरवर इस्त्री जरा विसरायची, की झालं. संध्याकाळी आपल्याच निवृत्तीच्या निरोपसमारंभात मुकादमसाहेब डाग मिरवतील! पण इस्त्री पुढे सरकली.

इस्पितळाच्या धोबीखान्यात दुपार नेहमी अशीच पेंगुळलेली असे. वाफ छतापाशी रेंगाळायची, पांढऱ्या चादरी आपल्याच नादात हलायच्या, आणि त्यांच्यामधून चालणारी माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसायची. या वाफेतच तिचा नवरा गेला. तो इथला मिस्त्री. मोठ्या सुकवणी यंत्रात वाकून दुरुस्ती करत होता आणि मुकादमाने न बघता बटण दाबलं. चौकशीत मुकादम म्हणाला, मिस्त्री पिऊन आला होता, बटण त्याचं त्यानेच दाबलं. मेल्या माणसाला तोंड नसतं. ज्याने जन्मात थेंबाला हात लावला नाही, त्याच्यावर सगळं खापर फुटलं. लेक तेव्हा रांगत होती. पोट कुणाला चुकलंय? आमेनबाई त्याच धोबीखान्यात, त्याच मुकादमाच्या हाताखाली कामाला लागली.

“क्षमा करवत नाही?” चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते. “बरं. निदान त्याच्यासाठी प्रार्थना तरी कर.”

सांगायला काय जातं! पहाटे गुडघे टेकून ती दात-ओठ खात म्हणायची, “प्रभू, त्या मेल्याला सुखी ठेव.” देवालाही हसू आलं असेल. कधी शब्दच फुटायचा नाही, मग ती तशीच उठून चूल पेटवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघे टेकायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं चाललं होतं. पुढे मुकादमाची बायको गेली. तो तुटक्या बटणांचे सदरे घालून येऊ लागला, खोकू लागला. प्रार्थनेतून ‘मेल्या’ कधी गळून पडला, ते तिलाही कळलं नाही. यंत्र बंद करतानासुद्धा ती आमेन पुटपुटायची, म्हणून बायकांनी तिचं नाव आमेनबाई ठेवलं होतं. ती कुणासाठी मागते, हेही त्यांनीच गावभर केलं होतं.

“अजून करतेस माझ्यासाठी प्रार्थना?” मुकादमाने विचारलं.

“रोज.”

“काय मागतेस गं?”

“आधी मागायचे, तुम्हाला खरं बोलायची बुद्धी व्हावी. आता म्हणते, रात्री झोप तरी लागावी बिचाऱ्याला.”

मुकादम वाफेलाच सांगावं तसा म्हणाला, “त्याने घेतली नव्हती. बटण मी दाबलं.”

आमेनबाईने इस्त्री उभी करून ठेवली. “मला ठाऊक आहे. लोकांना सांगा.”

“आज? निरोपाच्या दिवशी?”

“तुम्हाला मी क्षमा केली आहे, मुकादम. रोज थोडी थोडी, पण केली. म्हणून माझ्या नवऱ्याने दारुडाच राहायचं का?”

त्याने कोट चढवला.

संध्याकाळी सभागृह भरलं. खुर्च्या साहेबलोकांना पुरल्या, धोबीखान्याची माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मुकादम बोलायला उठला. त्याने सगळ्यांचे आभार मानले, मग आमेनबाईकडे पाहिलं. ओठ हलले. त्याला खोकला आला, आणि तो खाली बसला.

ती पुढे कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही. मुकादमाचा दुपारचा कबुलीजबाब जिभेवर तयार होता. एक वाक्य, की या माणसाची सगळी अब्रू मातीत.

“माझा नवरा पीत नव्हता,” ती म्हणाली. “तुम्हाला वेगळं सांगितलं गेलं, ते खरं नाही. एवढंच. देव मुकादमांना बरं ठेवो.”

आणि ती परत भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

मग मुकादम उठला. मंचावरची स्वतःची खुर्ची उचलून, माणसांमधून वाट काढत त्याने ती तिच्यापाशी आणून ठेवली.

“बस,” तो म्हणाला आणि लोकांकडे वळला. “खरं सांगते ती. मिस्त्री शुद्धीत होता. बटण मी दाबलं, आणि खोटंही मीच बोललो.”

ती बसली. खरं बाहेर येईल त्या दिवशी आपण पिसासारखं हलकं होऊ, देवाचे उपकार मानू, असं तिला वाटत आलं होतं. तसलं काहीच झालं नाही. नवरा आठवला. तोंडाला साबणाचा फेस लावून आरशापुढे उभा, रांगत्या लेकीच्या नाकावर फेसाचं बोट टेकवून हसणारा. इतकी वर्षं तो आठवला की पाठोपाठ मुकादमही यायचा आणि सगळा राग मुकादमावर जायचा. नवऱ्यासाठी काही उरायचंच नाही. आज तो एकटाच आला होता.

“गेलास की रे तू,” ती म्हणाली, आणि भरल्या सभेत, आजच विधवा झाल्यासारखी, रडू लागली.