गुरुवारचा ट्यूना

कोणत्या प्रसंगी आलात?

मुलीचा वाढदिवस. अस्मी, सतरा पूर्ण. टेबलावर तुमचं हे कार्ड आहे, आखूड पेन्सिल आहे, जेवणाचा पत्ता नाही. म्हणून भरायला घेतलं.

आमची माहिती कशी मिळाली?

इथे दुबईत, अल कुसैसमध्ये आमच्या बिल्डिंगखाली लाँड्री, तिच्या शेजारी तुमचं हे जपानी सुशीचं हॉटेल. रोज दिसता. निवड अस्मीची. टेबलासाठी फोनही तिनेच केला, बराच वेळ बोलत होती. वर्षभर ती गुरुवारी मैत्रिणींबरोबर जेवायला जाते. आज म्हणाली, "जस्ट द थ्री ऑफ अस."

वाट पाहावी लागली का?

पन्नास मिनिटं. "फाइव्ह मिनिट्स, सर," चार वेळा.

त्याआधी अकरा वर्षं.

नव्वद साली शेजारी युद्धाची चाहूल लागली आणि आमची कंपनी माणसं परत पाठवायला लागली. मी वेंगुर्ल्याचा, माशाशिवाय घास न उतरणारा. दत्ताला म्हटलं, नोकरी राहू दे, गुरुवारी मासा सोडतो. नोकरी राहिली. पण इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणजे बाहेर जेवायची रात्र गुरुवारचीच. मी खात नाही म्हणून उर्मिला मागवत नाही, ती मागवत नाही म्हणून पोरगीही नाही. अकरा वर्षं आम्ही उडप्याकडे. एकदा अस्मी म्हणाली, "बाबा, माय होल लाइफ इज अ मसाला डोसा." हसून म्हणाली होती.

आज लिफ्टमध्ये, ती खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडून केक आणायला उतरली तेव्हा, मी उर्मिलाला सांगितलं, "आज मी मासा खाणार. तिच्यासमोर. एकदा तरी माझ्यामुळे तिचं काही अडू नये."

"दत्ताला विचारलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"मग कच्चाच खा," उर्मिला म्हणाली. "मी नाही हं हात लावणार."

मेनू कसा वाटला?

"पंचेचाळीस दिरहॅम," उर्मिलाने वाचलं. "म्हणजे पावणेसहाशे. आमच्याकडे एवढ्यात मांजराचं वर्षभर भागेल."

"आई, प्लीज."

जेवण: उत्कृष्ट / चांगलं / ठीक / वाईट

बारा तुकडे आले. भात कडेने सुकलेला, त्यावरचा मासा मधे अजून बर्फ. कपाळाला पट्टी बांधलेला तुमचा आचारी टीव्हीवर फुटबॉल बघत होता. अस्मीने ताटलीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि काहीच न खाता उठून काउंटरकडे गेली. पाठमोरी उभी राहिली.

"कंटाळली," मी म्हटलं.

"सतरा वर्षांची आहे. कंटाळणारच."

मला वाटलं, ती वळेल तेव्हा तिला मी खाताना दिसायला हवा. ट्यूनाचा तुकडा उचलला, काड्या जमेनात म्हणून हातानेच, आणि तोंडात टाकला.

फ्रिज उघडल्यावर येतो त्या वासाची चव. दुसरं काही नाही. अकरा वर्षांनी.

गिळला, आणि ती वळली. मागे वेटर, त्याच्या हातात ताटली. काकडीचे आठ रोल.

"सॉरी बाबा, तुझं आणलंच नव्हतं त्यांनी. आय टोल्ड देम ऑन द फोन. नो फिश, सेपरेट नाइफ. इट्स थर्सडे, ना?"

ताटली माझ्यासमोर ठेवली. मग दुसऱ्या ताटलीतली रिकामी जागा तिला दिसली.

"ट्यूना कुणी खाल्ला?"

मी तोंड उघडलं.

"मी," उर्मिला म्हणाली.

"आई? यू?"

"का? मी काय फक्त डोसाच खायचा?"

"कसा होता?"

"बरा होता."

"ओ माय गॉड. मग सॅमन पण घे. यल्ला, चल आई."

अस्मीने स्वतः काड्यांनी उचलून तिच्या तोंडासमोर धरला. उर्मिलाने तो घेतला. बराच वेळ चावत राहिली, माझ्याकडे बघत. मग पाणी प्यायली, सगळा ग्लास.

"तुमची काकडी खा," मला म्हणाली.

मी खाल्ली. आठही.

सेवा:

सुरी खरंच वेगळी वापरली होती का, ते विचारायचं राहिलं. आता विचारून उपयोग नाही.

पुन्हा याल का?

अस्मीने एक तुकडा अर्धा खाऊन ठेवला. "धिस इज सो बॅड," हळूच म्हणाली. "आय अ‍ॅम हंग्री. उडप्याकडे जाऊया?"

"आत्ता?" उर्मिला म्हणाली.

"थर्सडे आहे. उघडा असेल."

इतर सूचना:

ती केकचा डबा उचलून दारात उभी आहे. उर्मिला अजून बसलेली, पदराने ओठ पुसतेय. "तिला सांगणार आहात?" विचारते.

"नाही."

"मग चला," ती म्हणते. "डोशाने तरी ही चव जाते का बघू."