दुसऱ्या आल्टोची ओळ

नेदाने पियानोच्या स्टुलाचं झाकण उचललं आणि आतले सगळे कागद फरशीवर ओतले. पाव्लीना गुडघ्यांवर बसून एकेक पान खिडकीच्या उजेडात धरून बघू लागली.

"सोप्रानो. पुन्हा सोप्रानो. हा बास. आणि हे काय, नेदाताई? भाजलेल्या मिरच्यांचं लोणचं?"

"आईचंच अक्षर आहे."

"बाई लोणचं घालायच्या?"

"कधीच नाही. कृती मात्र जपून ठेवायची."

पाव्लीना हसली. मग हसल्याचं तिलाच कसंतरी वाटलं आणि तिने घाईने पुढचं पान उचललं. शनिवारी नेदाच्या आईचा, वेनेताबाईंचा, मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस होता. इमारतीच्या दारावर कालच नवं निधनपत्रक चिकटवलं होतं. त्यावरच्या फोटोत बाईंचे दोन्ही हात वर होते, आणि समोरचा गायकसमूह फोटोत आला नव्हता.

"नाही," शेवटी पाव्लीना म्हणाली. "दुसऱ्या आल्टोचं पान नाहीच."

शनिवारी म्हणायची ती रचना बाईंच्या गुरूंची होती, मेलेल्या माणसासाठी म्हणायची, सहा आवाजांची: सर्वांत वर सोप्रानो, तळाला बास, दुसरा आल्टो मधला. ती एका कागदावर अशी कधी लिहिलीच गेली नव्हती. पक्षाच्या राजवटीत देवाधर्माचं गाणं चालत नसे, म्हणून एकेका आवाजाचं पान वेगळं, शब्दांशिवाय. कुणाच्या घरी सापडलंच तर सरावाचे सूर म्हणून खपून जावं. बाई राजधानीहून, सोफियाहून, शिकून या गावात आल्या तेव्हा त्यांना मोजे विणणाऱ्या कारखान्याचा गायकसमूह मिळाला होता. बायापुरुष धरणांची आणि ट्रॅक्टरांची गाणी म्हणत. ती संपली की बाई दार लावून घेत आणि म्हणत, "आता घसा मोकळा करायचा व्यायाम." तो व्यायाम म्हणजे जुनी स्लाव्ह स्तोत्रं, नुसत्या 'आ'वर. आपण काय गातोय हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. ज्यांना होतं ते खाली बघून गात. बाईंच्या आधीच्या समूहसंचालकांना ईस्टरला चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी पाहिलं होतं. ते पुढे त्याच कारखान्याच्या गोदामात पेट्या रचत.

मग दिवस पालटले आणि शब्द परत आले. समूह परदेशात गेला, थंडगार उंच चर्चांमध्ये गायला. अनोळखी माणसं उभी राहून रडली. स्लाव्ह स्तोत्रं कशी म्हणावीत हे विचारायला तरुण संचालक लांबून बाईंकडे येऊ लागले. पुढे गावातली माणसं कामासाठी स्पेनला, जर्मनीला गेली, काही ओसम नदीच्या काठावरच्या दफनभूमीत गेली, आणि समूहात अकरा जण उरले. गुरूंची ती रचना मात्र कुठल्याच कार्यक्रमात गायली गेली नाही. समूहातलं कुणी गेलं की त्याच्या चाळिसाव्याला ती म्हणायची, तेवढंच. दुसऱ्या आल्टोची शेवटची बाई, राडका, वारली तेव्हा तिची पानं मुलाने तळघरात ठेवली, आणि त्या हिवाळ्यात तळघरात पाणी भरलं. त्यानंतर तो आवाज बाई स्वतःच सांभाळत, समूहाकडे तोंड करून, हात हलवता हलवता. त्यांना पान लागत नव्हतं.

आता बाईच नव्हत्या.

"मी बसवू शकते काहीतरी," पाव्लीना म्हणाली. ती शाळेत संगीत शिकवायची आणि सध्या समूहासमोर तीच उभी राहत होती. "बाकीच्या पाच आवाजांवरून अंदाज येतो. पण ते माझं होईल. बाईंसाठी बाईंचंच नको का?"

नेदाने कागद पुन्हा स्टुलात भरायला घेतले. सोफियात ती पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच्या मजकुरात काय गळलंय हे तिला पटकन दिसे. इथे काय गळलंय ते सांगणारं कुणी नव्हतं.

"संध्याकाळी ये ना सरावाला," पाव्लीना म्हणाली. "नुसती बस. सगळ्यांना बरं वाटेल."

"मला गाण्यातलं काही कळत नाही."

"बाईंच्या मुलीला?"

नेदाने स्टुलाचं झाकण लावलं. ती नऊ वर्षांची असताना बाईंनी मुलांच्या समूहात तिला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "नेदा, तू नुसते ओठ हलव." तिने वर्षभर ओठ हलवले. मग तेही सोडलं.

संध्याकाळी दोघी खाली उतरल्या तेव्हा शेजारचे गेंचेव जिन्यात एका पायरीवर थांबून दम घेत होते. एका हातात दह्याची बरणी, दुसऱ्या हातात काठी. एके काळी ते कम्युनिस्ट पक्षाच्या गावसमितीत होते आणि इमारतीतली माणसं त्यांना बघून बोलणं बदलत. आता ते नव्वदीला टेकले होते आणि त्यांना बघून कुणी काहीच बदलत नव्हतं.

"सापडलं का ते पान?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका. तुम्हाला कसं कळलं?"

"भिंत पातळ आहे." त्यांनी काठी पुढच्या पायरीवर टेकली. "देव वेनेताबाईंना क्षमा करो."

"देव क्षमा करो," नेदा म्हणाली.

बाहेर आल्यावर पाव्लीना कुजबुजली, "म्हातारा निवृत्त झाला, कान अजून नोकरीवर आहेत."

नेदाला हसू आलं नाही. आईच्या स्वयंपाकघराची भिंत गेंचेवांच्या घराला लागून होती. आई संध्याकाळी भांडी घासताना गुणगुणायची. नेदाची झोपायची गादीही तिथेच असायची, कारण हिवाळ्यात तेवढी एकच खोली उबदार असे. आईने सुरुवात केली की थोड्या वेळाने भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. आई मान न वळवता नळ आणखी सोडायची. कॉम्रेड गेंचेव, ती शेवटपर्यंत म्हणायची, 'कॉम्रेड' हा शब्द गावातून गेल्यावरसुद्धा. चाळीसहून जास्त वर्षं दोघांचं नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दहा जण कोट घालूनच बसले होते. हीटर एकच होता आणि तो स्तामेनकाकांच्या गुडघ्यांकडे वळवलेला होता. स्तामेनकाका बास गायचे, आणि गात नसताना बोलायचे.

"ये, पोरी. बस. ही आमची फुटकी घागर ऐक."

"काका, जरा गप्प," पाव्लीना म्हणाली. तिने स्वरकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी नेला, एकेकाला त्याचा सूर गुणगुणून दिला आणि हात वर केले.

ते गाऊ लागले. वर सोप्रानो स्वच्छ होते, खाली स्तामेनकाकांचा आवाज जमिनीसारखा होता. पण मध्ये काहीतरी बसत नव्हतं. दोन सूर एकमेकांजवळ येत आणि मधली जागा रिकामी बघून थबकत.

"ऐकलंस?" पाव्लीनाने हात खाली घेतले. "इथे. इथे भगदाड पडतं."

"घागर," स्तामेनकाका म्हणाले.

"पुन्हा एकदा."

नेदा पर्स मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. दुसऱ्या वेळी तिला आधी साबणाच्या पाण्याचा वास आला. मग गादीच्या खरखरीत कडेचा गालाला होणारा स्पर्श. हे का आठवतंय ते तिला कळेना. आईचं ते गुणगुणणं तिला कधी गाणं वाटलंच नव्हतं. तीन-चार सुरांवरच वरखाली, चाल नाही, शब्द नाहीत. चांगली गाणी आई बाहेर देऊन येते आणि घरी हे उरलेलं आणते, असं तिला लहानपणी वाटायचं. एकदा तिने विचारलंही होतं, हे कसलं गाणं आहे? आई म्हणाली होती, "कुणाला ओळखू येणार नाही असलं."

भगदाड जवळ आलं. नेदाचे ओठ मिटलेले होते. तिच्या नाकातून, घशातून, कुठून कोण जाणे, तो सूर निघाला आणि त्या जागेत जाऊन बसला.

कुणी थांबलं नाही. फक्त पहिल्या आल्टोतल्या एकीने मान वळवली. पाव्लीनाचा डावा हात हवेत तसाच राहिला आणि हळूहळू नेदाकडे वळला, तळवा वर करून. नेदाने डोळे मिटून घेतले. सूर पुढे चालले, एका पायरीवर थांबले, उतरले, परत चढले. सगळी खोली एकदम भरल्यासारखी झाली.

मग ती थांबली. इतर जण दोन-तीन सूर पुढे गेले आणि तेही थांबले.

"पुढे?" पाव्लीना अगदी हळू म्हणाली.

"पुढे येत नाही."

"आठव ना. घाई नाही."

"आठवायला ऐकलेलं पाहिजे." नेदाने पर्स घट्ट धरली. "आई इथपर्यंत आली की मी झोपायचे. रोज."

स्तामेनकाकांनी हीटर उचलून नेदाच्या पायांकडे वळवला.

"वरचा आवाज तेव्हा जिन्यातसुद्धा म्हणता आला नसता," ते म्हणाले. "ती चर्चमधली जुनी चाल दारवानालाही ठाऊक होती, त्याच्या आईला त्याच चालीवर पुरलं होतं. पण दुसरा आल्टो? तो नुसता ऐकून कुणाला काय कळणार! कॉम्रेडच्या भिंतीला पाठ लावून म्हणावा. हुशार बाई." त्यांनी नाक पुसलं. "आम्हाला सांगायच्या, घरी मी गातच नाही."

"उरलेलं मी बसवते," पाव्लीना म्हणाली. "स्वरलिपीतली बाराच मापं उरलीत."

"बसव. बाईंना कळेल."

"काका!"

"मी आपलं म्हटलं."

घरी आल्यावर नेदाने चाळिसाव्याला वाटायचे उकडलेले गहू चाळणीत ओतले आणि नळाखाली धरले. ते धुऊन, कापडावर पसरून, रात्रभर सुकू द्यायचे होते. अक्रोड आणि साखर उद्या. दिवा लावण्याइतका अंधार अजून झाला नव्हता. आईचा एप्रन खुंटीवर होता. तिने तो घेतला नाही.

ती गुणगुणू लागली. आता ओळखीचं झाल्यामुळे ते सोपं जात होतं. ती त्या जागेपर्यंत आली आणि थांबली. चाळणी हलवली. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी जरा जोरात, पुढचा सूर वेगातच हाताला लागेल अशा आशेने. लागला नाही. त्या जागेपुढे तिच्याकडे नुसती झोप होती. आई तिथून पुढे एकटी कुठवर गात जायची, कुणासाठी, हे विचारायला आता उशीर झाला होता.

तिसऱ्यांदा ती सुरुवातीच्या सुरांवरच होती तेव्हा भिंतीपलीकडे खुर्ची सरकली.

नेदाचा हात नळाकडे गेला आणि तिने तो आणखी सोडला. मग आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं. गव्हावर पाणी जोरात आदळत होतं. ती तशीच गुणगुणत राहिली, तिथपर्यंत आली, थांबली.

पाण्याच्या आवाजाआड काहीतरी होतं. आधी तिला वाटलं, नळीतच काहीतरी घुमतंय.

तिने नळ बंद केला.

भिंतीपलीकडे एक म्हातारा आवाज गात होता. श्वास पुरत नव्हता, सूर कापत होता, पण पायऱ्या चुकत नव्हत्या. तिने सोडलं होतं त्याच्या पुढच्याच सुरापासून तो निघाला होता. तो खाली उतरला, एका ठिकाणी बराच रेंगाळला, आईसारखाच, जणू तिथे एखादं भांडं विसळायचं असावं, आणि मग दोन पायऱ्या वर जाऊन अधांतरी संपला. खालून कुणीतरी धरावा असा तो शेवटचा सूर होता.

पलीकडे खोकल्याची उबळ आली आणि थांबली. चाळणीतून पाणी ठिबकत होतं.

नेदाने हात पुसले. ती भिंतीजवळच्या स्टुलावर बसली, जिथे पूर्वी गादीची उशाची बाजू असायची.

खुर्ची पुन्हा सरकली, या वेळी आणखी जवळ.

तिने पहिल्यापासून सुरू केलं.