वसंताच्या जीपचा निळा टप

मी वसंताच्या जीपचा टप बोलतोय. जीप अजून रस्त्यावर धावते. मी तिच्यावर नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका शेडमधला. काचेचे धागे आणि उग्र वासाचा चिकट रस यांचे थरावर थर देऊन मला साच्यात घडवलं. वसंतानं लष्कराच्या लिलावातून जुनी जीप घेतली होती, तिला छप्पर नव्हतं. कारागीर काहीही विचारो, वसंता म्हणायचा, "तुम्ही म्हणाल तसं." रंग विचारल्यावर मात्र तो लगेच म्हणाला, "निळा." कारागिरानं तो रंग रसातच कालवला. मला रंग लावलेला नाही, तो माझ्या अंगात आहे.

गोदाकाठच्या आमच्या गावातून जालन्याला आम्ही माणसं न्यायचो आणि जुन्या जालन्यातून धान्याची पोती आणायचो. दुष्काळातही आमची फेरी चुकली नाही. उन्हानं माझी कातडी भाजली, तिची पांढरी भुकटी झाली. माझ्यावर बसलेला माणूस विजार झटकतच उतरायचा. लोक 'पांढरी जीप' म्हणू लागले. वसंतानं कुणालाच दुरुस्त केलं नाही. असं गप्प राहणं मोठ्या माणसांना बरं पडतं.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात त्याची मुलगी बेबीनंदा औरंगाबादच्या कॉलेजातून सुट्टीला आली.

"दादा, हा टप निळा होता ना?" तिनं बापाला विचारलं.

"व्हता की."

"मंग असा खडूसारखा का ठेवला?"

"गाडी चालून राह्यली ना? टपावर चालती का ती?"

पाणी, बारीक पॉलिशपेपर आणि मेणाचा डबा घेऊन ती माझ्यावर चढली. घासता घासता दुधासारखं पाणी ओघळू लागलं आणि खालून मी निघालो, पहिल्यासारखा निळा. दुसऱ्या दिवशी भाजीवाली सोनूबाई टोपलं घेऊन थांब्यावर आली आणि म्हणाली, "काय रे वसंता, गाडीला हळद लावली का काय? लईच उजळली."

वसंता हसला. तो तेवढाच उन्हाळा चांगला गेला.

जुलैच्या शेवटी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या लोकांच्या वस्त्या जळाल्या. कॉलेज बंद पडलं म्हणून बेबीनंदा घरी आली. जीप थांब्यावर उभी राहायची आणि रिकामीच परतायची. सोनूबाई मान खाली घालून म्हणाली, "मला काई न्हाई रे बाबा. घरचे म्हंतेत, त्या निळ्या गाडीत बसू नको."

वसंताचा थोरला भाऊ कडूबा विटेचे तुकडे घेऊन आला. "पोरीनं घासून रंग आणला. आपण घासून घालवू."

"मोठे बाबा," बेबीनंदा म्हणाली, "टप घासाल. आडनाव कशानं घासणार?"

"तुला पुस्तकं शिकवली, जगायचं न्हाई शिकवलं कुणी."

"ते तुम्ही शिकवून राह्यले की. रोज बघते मी."

"दादा, तुम्ही तरी बोला," ती बापाकडे वळली. तिला एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा 'नको' म्हणावं.

वसंता तिच्याकडे न बघता म्हणाला, "घरात जा, पोरी." आणि पहिली वीट त्यानंच माझ्यावर टेकवली.

दिवसभर दोघे भाऊ मला खरवडत होते. संध्याकाळी मी ओरखड्यांनी पांढुरका दिसू लागलो. "बराबर झालं," कडूबा म्हणाला. सकाळी चार माणसं बसलीही. वाटेत पावसाची सर आली आणि अंग भिजताच मी पुन्हा निळा झालो, आधीपेक्षा गडद. पुढच्या थांब्यावरची माणसं मला पाहून लिंबाखाली सरकली. वसंता खाली उतरून मला हातानं पुसत राहिला. जितकं पुसलं तितका मी निळा.

त्याच दिवशी त्यानं माझे बोल्ट खोलले. मला घरामागं उताणं टाकलं आणि जीपवर मातकट ताडपत्री बांधली. माणसं परत आली. मला खरवडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

कॉलेज उघडल्यावर बेबीनंदा गेली. दिवाळीला आली तेव्हा फाट्यावर वसंता तिच्यासाठी जीप घेऊन उभा होता. ती त्याच्या समोरून पिशवी घेऊन चालत घरी आली आणि थेट माझ्याकडे. माझ्यात पावसाचं पाणी साचलं होतं, चिखल होता. तिनं पदर खोचला, माझी कड धरली आणि जोर लावला. मी जरासा उचललो आणि परत आपटलो.

"दादा, जरा हात लावा."

मागोमाग आलेला वसंता ओट्यावर टेकला होता. त्यानं ऐकलं. तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

तिनं पुन्हा जोर लावला. मी दोन माणसांचं ओझं आहे, एकटीला उलटत नाही.

वसंता, तू मला खरवडलंस, खोललंस, टाकलंस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण पोरगी अजून कड धरून उभी आहे. तिनं ती सोडायच्या आत ऊठ.